टोल्युइनचा पहिला ड्रम आणण्याआधी

गाळा मिळाला, मशीन बसलं, पहिली ऑर्डरही आली. आता शाई किंवा ॲडहेसिव्ह पातळ करायला टोल्युइनचा ड्रम मागवायचाय. तुम्ही या टप्प्यावर असाल तर फोन करण्याआधी हे वाचा. पॅकेजिंगची फिल्म छापणाऱ्या युनिटांमध्ये मी बरीच वर्षं स्टोअर सांभाळलं. टोल्युइन रोज हाताळलं, त्याचा एकदा फटकाही बसला, आणि त्यानंतर शिकलो ते आधीच कुणी सांगितलं असतं तर एका पोराचा हात भाजला नसता.

ज्यांच्याकडे टोल्युइन या नावाने नाही तर 'थिनर' म्हणून माल येतो, त्यांनाही हे लागू आहे. बाजारातल्या बऱ्याच एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगांच्या) थिनरमध्ये टोल्युइन असतं. डब्यावर काय लिहिलंय यापेक्षा एसडीएसमध्ये, म्हणजे मालाबरोबरच्या सुरक्षा माहितीपत्रकात, काय लिहिलंय ते महत्त्वाचं.

१. आधी वाफ समजून घ्या

नवीन माणूस द्रवाला घाबरतो. सांडेल, हातावर उडेल, याची काळजी करतो. जळते मात्र वाफ, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. पुढची प्रत्येक पायरी याच एका गोष्टीवर उभी आहे, म्हणून इथे थोडा वेळ थांबू.

टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट ४ अंश सेल्सिअस आहे. म्हणजे फ्रिजइतक्या थंडीतही त्याच्यावर पेटण्याइतकी वाफ जमते. आपल्याकडे कुठल्याच ऋतूत, कुठल्याच गाळ्यात ते 'थंड आहे म्हणून सुरक्षित' नसतं.

ही वाफ हवेच्या तिपटीहून जड आहे. ती वर जात नाही. जमिनीवर पसरते, उंबरा ओलांडते, शेजारच्या गाळ्यात शिरते, गटारात उतरते. तिकडे कुणाची शेगडी पेटलेली असेल तर ज्वाळा त्याच वाटेने उलटी तुमच्या ड्रमपर्यंत येते.

हवेत साधारण १.२ टक्के वाफ झाली की मिश्रण पेटू शकतं, आणि सुमारे ७ टक्क्यांपर्यंत पेटत राहतं. हे आकडे खोलीत बसवून बघा. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच अशी बंद खोली घ्या. त्यात साधारण दीड लिटर टोल्युइन सांडून पूर्ण उडालं तर अख्ख्या खोलीची हवा पेटण्याजोगी होते. दीड लिटर म्हणजे पाण्याची मोठी बाटली. वाफ खाली साचत असल्यामुळे घोट्याच्या उंचीवर ही पातळी त्याहून खूप कमी सांडलं तरी गाठली जाते.

आणखी एक गोष्ट, जी पेट्रोलची सवय असलेल्यांना माहीत नसते. पेट्रोलच्या बंद टाकीत वाफ इतकी दाट असते की एरवीच्या तापमानाला तिला पेटायला हवाच पुरत नाही. टोल्युइनचं तसं नाही. साधारण ४ ते ३७ अंशांच्या दरम्यान ड्रममधल्या मोकळ्या जागेतलं मिश्रण नेमकं पेटण्याच्या पट्ट्यात असतं. आपलं जवळजवळ सगळं वर्ष याच पट्ट्यात जातं. 'पेट्रोलला काही होत नाही, तर याला काय होणार' असं म्हणणारा भेटला तर त्याला हे सांगा.

२. कागद

टोल्युइन हे हायड्रोकार्बन आहे, म्हणून कायद्याच्या भाषेत ते 'पेट्रोलियम' ठरतं. फ्लॅश पॉइंट २३ अंशांच्या खाली, म्हणून ते वर्ग 'अ' मध्ये येतं. पेट्रोलियम कायदा, १९३४ नुसार वर्ग 'अ' चा माल विक्रीसाठी नसेल आणि एकूण साठा ३० लिटरच्या आत असेल तर परवाना लागत नाही. तोही घट्ट बुचाच्या भांड्यात हवा. काचेचं भांडं एक लिटरपर्यंत, धातूचं २५ लिटरपर्यंत.

बाजारातला एक ड्रम २०० लिटरचा असतो. म्हणजे पहिला ड्रम उतरला त्या क्षणी तुम्ही ही सूट ओलांडलेली असते. 'एका ड्रमला कोण विचारतं' हे वाक्य तुम्हाला पुरवठादारापासून शेजाऱ्यापर्यंत सगळे ऐकवतील. आग लागल्यावर विमा कंपनी विचारते, आणि पोलिसही विचारतात. परवान्याचं काम पेसो, म्हणजे केंद्र सरकारची पेट्रोलियम आणि स्फोटकं सुरक्षा संस्था, बघते. तिचं मुख्यालय नागपूरला आहे आणि अर्ज ऑनलाइन करता येतो. काम अगदीच छोटं असेल तर माझा सल्ला असा की ३० लिटरच्या आत राहा, धातूच्या डब्यांत माल मागवा, आठवड्याला दोनदा आणावा लागला तरी चालेल. ड्रममागे सुटणारे पैसे परवाना नसलेल्या साठ्याच्या धोक्यापुढे काहीच नाहीत.

ही फाइल पहिल्या दिवसापासून तयार ठेवा:

- पुरवठादाराकडून घेतलेलं एसडीएस, शक्यतो मराठी किंवा हिंदी प्रतीसह. जुने लोक याला एमएसडीएस म्हणतात. त्याचे १६ भाग असतात. निदान ४ था प्रथमोपचाराचा, ५ वा आगीचा आणि ७ वा साठवणुकीचा भाग कामगारांना वाचून दाखवा.
- साठा ३० लिटरच्या वर असेल तर पेसोचा परवाना आणि मंजूर नकाशा.
- अग्निशमन विभागाचा ना-हरकत दाखला. महाराष्ट्रात आगप्रतिबंधक कायदा २००६ चा आहे. त्याखाली परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा तपासून घेऊन 'फॉर्म बी' दर जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो.
- महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतिपत्र. वापरलेलं सॉल्व्हंट आणि रिकामे ड्रम हा घातक कचरा आहे, त्याचंही अधिकारपत्र.
- विम्याची पॉलिसी, त्यात ज्वालाग्राही सॉल्व्हंटचा साठा स्पष्ट लिहिलेला.

३. खोली

ड्रम मशीनच्या शेजारी ठेवायचा नाही. वेगळी खोली हवी, ती नसेल तर शेडबाहेर सावलीत जाळीचा पिंजरा तरी. मशीनपाशी त्या पाळीपुरताच माल, झाकणाच्या धातूच्या डब्यात.

खोली बांधताना सर्रास होणारी चूक म्हणजे एक्झॉस्ट फॅन छताजवळ बसवणं. वाफ खाली आणि पंखा वर, म्हणजे तो नुसती चांगली हवा बाहेर फेकतो. जाळीच्या खिडक्या जमिनीलगत हव्यात, समोरासमोरच्या भिंतींत. पंखा लावायचाच तर खालून ओढणारा आणि फ्लेमप्रूफ, म्हणजे आतल्या ठिणगीने बाहेरची वाफ पेटू न देणारा.

दिवा, पंखा, खोलीतली प्रत्येक जोडणी फ्लेमप्रूफ प्रमाणपत्राची घ्या. अशा फिटिंगच्या वर्गवारीत टोल्युइन गॅस ग्रुप २-ए मध्ये येतं, दुकानदाराला तसं सांगा. फिटिंग महागडं घेऊन वायर मात्र साध्या भोकातून ओवलेली मी किती ठिकाणी पाहिली आहे! केबलची ग्लँड, म्हणजे केबल आत शिरते तिथली घट्ट जोडणी, योग्य बसली नाही तर त्या फिटिंगचा काही उपयोग नाही. स्विच खोलीच्या बाहेर ठेवा. मोबाइल बाहेर, बिडी-काडी त्याहून लांब. दाराशी एक टोपली ठेवा आणि आत जाणारा प्रत्येक जण, मालकसुद्धा, खिसे तिथे रिकामे करील असं बघा.

दाराला उंबरा आणि चारही बाजूंनी बुटका बांध हवा. सगळ्यात मोठ्या भांड्यातला माल सांडला तरी आतच राहील आणि वर थोडी जागा उरेल इतकी त्याची उंची ठेवा. खोलीतून गटाराला जाणारं भोक असेल तर ते बुजवा. नायट्रिक ॲसिड, पेरॉक्साइड, ब्लीच यांचे कॅन या खोलीत एक रात्रही नको.

४. ड्रम उतरवणं आणि ठेवणं

टेम्पो आला की इंजिन बंद, चाकाला गुटके. जुना टायर खाली टाकून त्यावर ड्रम ढकलून देण्याची पद्धत सगळीकडे दिसते. ती बंद करा. भरलेला ड्रम १९० किलोच्या आसपास असतो, आणि असा आपटला की तळाची शिवण हलते. गळती तेव्हा दिसत नाही, दोन दिवसांनी दिसते. उतरवायला रॅम्प किंवा ड्रम-ट्रॉली वापरा.

ड्रम उभे ठेवा, बुचं वर, जुना माल पुढे. काठोकाठ भरलेला ड्रम घेऊ नका. वर निदान ५ टक्के मोकळी जागा हवी. २०० लिटर टोल्युइन २५ अंशांवरून ४५ अंशांवर गेलं की चार लिटरहून जास्त फुगतं. मे महिन्यात उन्हात राहिलेल्या ड्रमचं झाकण डमरूसारखं फुगलेलं दिसलं तर तो तसाच उघडू नका. सावलीत थंड होऊ द्या, मग आधी छोटं बूच अर्धा आटा फिरवा, फुस्स आवाज थांबेपर्यंत वाट पाहा, आणि त्यानंतरच मोठ्याला हात घाला. पाना पितळी किंवा ब्राँझचा. लोखंडी छिन्नी-हातोडीने बूच ठोकून उघडणारा माणूस दिसला तर तिथल्या तिथे थांबवा.

५. ओतणं: इथे घाई नको

जानेवारीतली सकाळ होती. भोसरीकडची कोरडी थंडी, स्वेटर काढताना चटचट आवाज येतो तशी. आमचा हेल्पर आडव्या ड्रमच्या नळातून पांढऱ्या प्लॅस्टिक कॅनमध्ये टोल्युइन भरत होता. कॅनच्या तोंडात पत्र्याचं नरसाळं. कॅनच्या मुठीला अर्थिंगची क्लिप लावलेली होती, आणि ती मीच लावली होती. अर्थिंग केलं म्हणून मी निर्धास्त होतो. कॅन भरत आला, त्याने नरसाळं उचलायला हात पुढे केला, आणि 'टक्' असा बारीक आवाज होऊन नरसाळ्याच्या तोंडावर निळी ज्वाळा उभी राहिली. त्याने घाबरून कॅन सोडला नाही, हे आमचं नशीब. नळ बंद केला, सीओटू (कार्बन डायऑक्साइडचं आग विझवायचं उपकरण) मारला, आग विझली. त्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत फोड आले होते.

चूक माझी होती. प्लॅस्टिकमधून वीज वाहत नाही, त्यामुळे प्लॅस्टिकला लावलेली क्लिप ही नुसती लटकवलेली तार असते. टोल्युइन स्वतः विजेचं अतिशय वाईट वाहक. ते नळातून, पाइपातून वाहताना विद्युतभार जमवतं आणि तो लवकर सोडत नाही. तो भार पत्र्याच्या नरसाळ्यावर साठला, नरसाळं प्लॅस्टिकमुळे जमिनीपासून तुटलेलं, आणि पोराचं बोट ही त्याला मिळालेली पहिली वाट. टोल्युइनची वाफ पेटायला सुमारे पाव मिलिज्यूल ऊर्जा पुरते. बोटाला जाणवते ती ठिणगी याच्या कितीतरी पट मोठी असते.

म्हणून ओतण्याचा क्रम असा:

एक, भांडं धातूचंच. प्लॅस्टिक कॅन, कापलेली कोल्ड्रिंकची बाटली, प्लॅस्टिकची बादली, काहीही नाही.

दोन, ड्रमला एक तार आणि भांड्याला एक तार, दोन्ही एकमेकांना आणि अर्थपिटला, म्हणजे जमिनीत पुरलेल्या अर्थिंगला, जोडलेल्या. बूच उघडण्याआधीच जोडा आणि बूच लावल्यावरच काढा. क्लिप टोकदार दातांची घ्या, कारण ड्रमवर रंग असतो आणि रंगावर बसलेली क्लिप काही कामाची नसते. दात पत्र्यात रुतले पाहिजेत. महिन्यातून एकदा, सगळे ड्रम बंद असताना, इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटरने जोड तपासून घ्या.

तीन, उंचावरून धार सोडू नका. नरसाळ्याची नळी किंवा पाइप भांड्याच्या तळापर्यंत गेला पाहिजे. तोंड बुडेपर्यंत अगदी सावकाश भरा, सेकंदाला एक मीटरपेक्षा कमी वेगाने. नरसाळं धातूचं असेल तर ते भांड्याला टेकलेलं हवं.

चार, भरून झाल्यावर निदान एक मिनिट थांबा. लगेच पट्टी बुडवून माप घ्यायला जाऊ नका.

पाच, नळाला हात लावण्याआधी उघड्या हाताने अर्थ केलेल्या पाइपाला स्पर्श करा. अंगात सुती कपडे. पॉलिएस्टरचा टी-शर्ट आणि रबरी स्लीपर घालून हे काम करू नका.

पावसाळ्यात हवा दमट असते, म्हणून काही जण जून ते सप्टेंबर क्लिपा काढून ठेवतात. दमट हवेने कपड्यांवरचा भार कमी होतो, पाइपातून वाहणाऱ्या टोल्युइनमधला होत नाही. क्लिपा बाराही महिने लागतात.

ड्रम रिकामा करायला कॉम्प्रेसरची हवा कधीच सोडू नका. ड्रम तसल्या दाबासाठी बनवलेला नसतो, तो फाटतो. आणि तोंडाने नळी ओढून सायफन लावायचा प्रकार तर आजच बंद करा. टोल्युइनचा एक छोटा घोट श्वासनलिकेत गेला तरी फुप्फुसं सुजतात. हातपंप मिळतो, तो घ्या.

६. अंगावर काय घालायचं

निळे नायट्राइलचे पातळ हातमोजे इथे फसवतात. टोल्युइन त्यांतून काही मिनिटांत पार होतं, बोटांना गारवा जाणवतो आणि मोजा फुगतो. विटॉन (रसायनं सोसणारं रबर) किंवा पीव्हीएचे (पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे) मोजे टिकतात. पीव्हीए पाण्याने खराब होतात, तेवढं लक्षात ठेवा. खिशाला विटॉन परवडत नसेल तर नायट्राइल फक्त उडणाऱ्या थेंबांपुरतं समजा, आणि ओलं झालं की लगेच बदला.

कापडी मास्क आणि एन-९५ धूळ अडवतात, वाफ नाही. सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज असलेला मास्कच हवा, आणि कार्ट्रिज बदलल्याची तारीख त्यावर पेनाने लिहा.

'आता वास येत नाही, म्हणजे हवा साफ झाली' असं समजू नका. थोड्या वेळात नाकाला वासाची सवय होते. डोकं जड होणं, उगाच हसू येणं, पाय लटपटणं ही वाफ चढल्याची लक्षणं आहेत. अशा माणसाला बाहेर मोकळ्या हवेत न्या, आणि त्या दिवशी पुन्हा आत पाठवू नका. पोटातल्या बाळाला यापासून अपाय होण्याची शंका एसडीएसमध्ये स्पष्ट लिहिलेली असते. गरोदर बाईला या कामावर ठेवू नका आणि त्यासाठी तिचा पगार कापू नका.

७. सांडलं तर

आधी पेटती, चालू उपकरणं दुरूनच, मेन स्विचवरून बंद करा. सांडलेल्या जागेतला स्विच चालू किंवा बंद, दोन्ही करू नका. दारं उघडा. कोरडी वाळू टाका, प्लॅस्टिकच्या किंवा ब्राँझच्या फावड्याने गोळा करा, झाकणाच्या धातूच्या डब्यात भरा. पाणी ओतून गटारात लोटू नका, टोल्युइन पाण्यावर तरंगत पुढच्या गल्लीपर्यंत जातं.

पुसायच्या चिंध्या उघड्या पोत्यात साठवू नयेत. पायाने उघडणारा, आपोआप बंद होणारा पत्र्याचा डबा ठेवा आणि पाळी संपली की तो रिकामा करा.

८. रिकामा ड्रम

मला या लेखातून एकच परिच्छेद तुमच्यापर्यंत पोचवता आला असता, तर हा निवडला असता. भरलेल्या ड्रमला सगळे जपतात. रिकामा झाला की तो बसायला, चढायला, पाणी भरायला वापरतात, आणि शेवटी वेल्डरकडे नेतात.

२०० लिटरच्या ड्रममधली हवा स्फोटक व्हायला साधारण १० मिलिलिटर टोल्युइन पुरतं. दोन चमचे. ड्रम उलटा करून निथळला तरी शिवणीच्या खाचेत त्याहून जास्त राहतं. त्यावर ग्राइंडर लावला, गॅस कटर लावला की झाकण बंदुकीच्या गोळीसारखं उडतं. पाण्याच्या टाकीसाठी, भट्टीसाठी, फुलझाडांच्या कुंडीसाठी ड्रम कापून द्या म्हणून शेजारी प्रेमाने मागतात. देऊ नका. वाईट वाटलं तरी देऊ नका.

एकदा पाण्याने विसळला म्हणजे साफ झाला, हाही गैरसमज. टोल्युइन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही.

रिकामा होताच दोन्ही बुचं घट्ट लावा. लेबल फाडू नका. भरलेल्या ड्रमांसारखाच सावलीत, त्याच खोलीत किंवा पिंजऱ्यात ठेवा. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे असे ड्रम हा घातक कचरा आहे आणि तो ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही. हातगाडीवाल्या भंगारवाल्याला नाही, प्रदूषण मंडळाची मान्यता असलेल्या माणसालाच द्या आणि मॅनिफेस्टची, म्हणजे कचरा कुणाला दिला त्या नोंदपत्राची, प्रत ठेवा. भंगारवाला चार पैसे जास्त देईल. त्याच्या यार्डात कटर चालवणारा पोरगा कुणाचा तरी असतो.

९. आग लागलीच तर

दाराबाहेर, आत नव्हे, फोम, डीसीपी (कोरड्या रसायनाची) पावडर किंवा सीओटूची उपकरणं ठेवा. सोबत वाळूच्या बादल्या. पाण्याचा झोत मारला की जळतं टोल्युइन तरंगत पसरतं, म्हणून पाणी फक्त शेजारचे ड्रम दुरून थंड करायला. आग बादलीएवढी असेल आणि पाठीमागे वाट मोकळी असेल तरच विझवायला जा. ड्रमपर्यंत पोचली असेल तर सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. फायर ब्रिगेडला पहिल्याच वाक्यात सांगा: 'टोल्युइन, यूएन नंबर १२९४, इतके ड्रम.' हा नंबर (जगभर त्या रसायनाची ओळख) आणि त्या दिवसाचा साठा गेटवरच्या फळ्यावर खडूने लिहीत जा.

डोळ्यात उडालं तर १५ मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा. अंगावर सांडलं तर कपडे लगेच काढून साबण-पाणी. कुणी गिळलं तर उलटी करवू नका, दूध पाजू नका, १०८ ला बोलवा आणि एसडीएसची प्रत पेशंटबरोबर पाठवा.

गेटवरचा फळा, दारावरची टोपली आणि क्लिपा, या तीन गोष्टी रोज सकाळी मशीन चालू करण्याआधी स्वतः जाऊन बघा. मी भोसरीनंतर शेवटच्या दिवसापर्यंत हेच केलं.